एका कप्प्यातला बर्फ

बिरू, तुझ्या शोकसभेत माणसं घामानं निथळत होती.

सभा मालकांनी थेटरातच ठेवली होती. पडद्यापुढं टेबल, टेबलावर तुझा पलटणीतला टोपीवाला फोटो, फोटोला झेंडूचा हार. गारव्याचं यंत्र बंद. वर थेटराला खिडकी एक नाही, कारण सगळ्या खिडक्या तूच विटा लावून बुजवून घेतल्या होत्यास. पहिलं भाषण संपायच्या आत लोकांनी सिनेमाच्या जाहिरातीचे कागद हातात घेऊन वारा घ्यायला सुरुवात केली. बघता बघता सगळं थेटर फडफडायला लागलं. मागनं कुणीतरी म्हणालं, "आटपा लवकर, जीव चाललाय." त्यावर चारजण हसले. तुझ्या शोकसभेत.

मालक म्हणाले, प्रेक्षकांचे प्राण वाचवण्यासाठी या वीरानं आपल्या प्राणांची आहुती दिली. थेटरात त्या वेळेला एकसुद्धा प्रेक्षक नव्हता. दुसरा एक पुढारी म्हणाला, गोड स्वभावाचा माणूस होता, कुणाला दुखावलं नाही. त्यानं तुला कधी बघितलेलंही नसणार. सांगलीत तू दुखावलं नाहीस असा माणूस मला दाखव. पानवाला, डोअरकीपर, वीज कचेरीतला वायरमन, तुझी बायको, मी. माझ्यावर बोलायची पाळी आली तेव्हा मी उभा राहिलो, तुझ्या फोटोकडं बघितलं आणि परत खाली बसलो. लोकांना वाटलं मला गहिवरून आलं. मला राग आला होता. जे तिथं बोललो नाही ते तुला इथं सांगतो.

तू चांगला माणूस नव्हतास, बिरू. कामाचा होतास.

आपण पलटणीच्या वर्कशॉपात भेटलो. मी उंब्रजचा, घरी ऊस. तू वडूजच्या बाजूचा, घरी मेंढरं. दोघांनाही थंडाव्याच्या यंत्रांचं काम शिकवलं, आणि पहिल्याच वर्षी वाळवंटातल्या एका चौकीवर पाठवलं. तिथं मटणाची एक थंड कोठी होती. तिचं जनरेटर दिवसभर चालवायला डिझेल पुरायचं नाही. मटण नासायचं, आणि साहेब आपल्याला शिव्या द्यायचा. तू पत्र्याचे रिकामे डबे गोळा केलेस, त्यांत मिठाचं पाणी भरून तोंडं झाळलीस आणि कोठीच्या छताला टांगलेस. रात्री जनरेटर चालायचं तेव्हा डब्यांतलं पाणी गोठायचं. दिवसा जनरेटर बंद, आणि डबे हळूहळू वितळत कोठी गार ठेवायचे. मटण नासायचं थांबलं. मी विचारलं, "हे तुला सुचलं कसं?" तू म्हणालास, "आमच्याकडं पाऊस चार दिस पडतो आन् पाणी वरीसभर प्यायचं असतं. साठवायचं न्हाई तर काय करायचं?"

त्याच उन्हाळ्यात मला ऊन लागलं. अंग भट्टीसारखं तापलं, मी बरळायला लागलो. डॉक्टर लांबच्या छावणीत. तू मला खांद्यावर टाकलंस आणि त्या कोठीत, टांगलेल्या मेंढरांच्या मधे, जमिनीवर निजवलंस. शुद्धीवर आलो तेव्हा नाकासमोर एक सोललेलं मेंढरू लोंबत होतं आणि तू दारात बसून विडी ओढत होतास. तुझं पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे. "ऊठ आता. तुझ्या गरमीनं मटण खराब हुयाला लागलंय."

जीव वाचवलास आणि वर एवढंच बोललास. तेव्हा मला ती थट्टा वाटली. आता वाटतं, तू खरंच मटणाची काळजी करत होतास.

पलटण सुटल्यावर सांगलीच्या या थेटराचं काम तूच आणलंस. मालकांनी भिंती उभ्या राहायच्या आतच गावभर फलक लावले होते, आत शिमल्याची हवा म्हणून. आणि विजेच्या कचेरीनं त्यांना मोठं यंत्र चालवायला परवानगी नाकारली. संध्याकाळी तर विजेची कपातच. पुण्याहून दोन मोठे इंजिनिअर येऊन मान हलवून गेले. मग तू मालकांसमोर जाऊन उभा राहिलास, खुर्ची दिली तरी बसला नाहीस, आणि म्हणालास, "संध्याकाळी वीज मागतो कोण? मला एक टाकी बांधून द्या."

टाकी बांधली. थेटराच्या मागं, अर्धी जमिनीत, दोन कप्प्यांची, भिंतीत भाताचं तूस ठासलेलं. एक कप्पा दुरुस्तीला काढला तर दुसरा चालावा म्हणून तू मधे भिंत घातलीस. आत पाणी, पाण्यात लोखंडी नळ्यांच्या रांगा, नळ्यांत अमोनिया. लहानसं यंत्र, पण रात्रभर आणि सकाळभर चालणारं. नळ्यांवर बर्फ धरायचा. खेळाच्या वेळेला यंत्र बंद. फक्त एक पंप गार पाणी खेळवायचा आणि एक पंखा ती गार हवा थेटरात सोडायचा. एवढं तर डिझेलच्या छोट्या इंजिनवरही चालायचं.

पहिला खेळ भर उन्हाळ्यात झाला. गावात दिवे नव्हते, दुकानदार कंदील लावून बसलेले, आणि आपलं थेटर गारेगार. मध्यंतरात मिरजेची एक म्हातारी डोअरकीपरला म्हणाली, "बाबा, घोंगडं हाय का रं कुणाचं?" आपण दोघं मागं भिंतीला टेकून उभे होतो. तू माझा हात धरलास. इतका जोरात की दुखलं. त्या दिवशी मला तुझ्याबद्दल जे वाटलं ते कुणाबद्दल वाटलं नाही. हेही लिहून ठेवतो, नाही तर हा कागद खोटा ठरेल.

मग आपला वाद सुरू झाला, तो अजून मिटला नाही.

मी म्हणायचो, बर्फ करण्यात वीज जास्त जाते. थेटराला लागतं गार पाणी, आणि आपण ते मिळवायला बर्फापर्यंत खाली जातो. जितकं खाली जावं तितकं यंत्र दमतं. बर्फ जाड झाला की तोच नळीवर गोधडीसारखा बसतो, मग आणखी दमतं. तू म्हणायचास, रात्रीची हवा गार असते, यंत्राला गरमी बाहेर टाकायला सोपं जातं, आणि ते एकसारखं पूर्ण जोरात चालतं, थांबत-सुटत नाही. तिथं वाचतं ते इथं जातं. मी म्हणायचो, सारखं होत नाही, जातंच जास्त. आपण वेगळा मीटर लावू, एक आठवडा नुसतं गार पाणी साठवू, एक आठवडा बर्फ, आणि बघू. तू मीटर लावू दिला नाहीस.

"तू युनिटं मोजतोस जगन्या," तू म्हणालास, "येळ मोजत न्हाईस. सगळं गाव ज्या टायमाला मागतंय त्या टायमाला आपून मागत न्हाई. ही बचत तुझ्या मीटरात दिसायची न्हाई."

बरोबर होतं तुझं. पण माझंही बरोबर होतं, आणि ते तू एकदाही कबूल केलं नाहीस. आता कधी करणार?

हौसावैनींची गोष्ट मला तेव्हा कळली नाही, पुढं कळली. थेटराच्या मागं, टाकीला लागून, पत्र्याची खोली मालकांनी तुम्हाला दिली होती. एका भिंतीच्या अलीकडं शिमला आणि पलीकडं तुझी बायको, तापलेल्या पत्र्याखाली, सहा-सात महिन्यांची पोटुशी. तिनं तुला एवढंच विचारलं होतं की दुपारच्या खेळाला मागच्या रांगेत, अंधारात, कोपऱ्यात बसू का. सिनेमा बघायचा नव्हता तिला. तू म्हणालास, "एक माणूस म्हंजे एक मोठा पेटता बल्ब असतोय. तेवढी गरमी बर्फाला खेचावी लागती. आन् तू तर दोन हायस."

वैनींनी मला हे सांगितलं तेव्हा त्या हसत होत्या. म्हणाल्या, "बघा की भावजी, आमी बल्ब हाय म्हनं." मीही हसलो. तुझ्या मातीनंतर त्यांनी तेच पुन्हा सांगितलं. शब्द तेच होते. पोरीला मांडीवर घेऊन, भिंतीकडं बघत सांगितलं. "शेकड्यानं माणसं बसत्यात भावजी आत. माझी एकटीची गरमी त्यास्नी झेपली न्हाई." त्यांना काय सांगायचं ते तू मला सांगून गेला नाहीस.

या उन्हाळ्यात मालकांना चौथा खेळ हवा झाला. बर्फ तीन खेळांचा. तू म्हणालास, धरू जाड. मी म्हटलं, नळ्यांमधली जागा तीन खेळांच्या हिशेबानं ठेवलीय. बर्फ आणखी वाढला की या नळीचा त्या नळीच्या बर्फाला भिडेल. भिडला की फुगायला जागा नाही, मग तो नळ्याच वाकवेल. जोड उकलेल. हे तुला माहीत नव्हतं असं नाही. तूच मला हे वाळवंटात फुटलेला डबा दाखवून शिकवलं होतंस.

तू मालकांसमोर, नोकरांसमोर, हौसावैनींसमोर म्हणालास, "ह्याच्या घरी ऊस हाय. ह्याला भ्यायला परवडतंय."

मी म्हटलं, "तुझ्या घरी बायको आन् पोर हाय. तुला न भ्यायला परवडत न्हाई."

"मग जा की उसात."

मी गेलो. उसात नाही, गावातल्याच एका सोड्याच्या कारखान्यात यंत्र बघायला लागलो. दुसऱ्याच दिवशी तू टाकीच्या खोलीच्या मागच्या दाराला, बोळातल्या दाराला, आतून कडी घालून कुलूप लावलंस. पानवाल्याला म्हणालास, जगन्या येऊन माझ्या यंत्रात हात घालंल. मी कशाला येतोय? पण तू लावलंस. आज सगळी सांगली म्हणते की फुकटे आत घुसू नयेत म्हणून मालकांनी ते कुलूप लावलं आणि बिरूला मारलं. मालकांच्या डोक्यावर घालण्यासारखं पुष्कळ आहे. ते कुलूप मात्र तुझं होतं. ते मी त्यांच्या माथी मारू देणार नाही, आणि तुझ्या हातून काढूनही घेणार नाही.

तो दिवस मी तुला सांगतो, कारण तुला शेवटचा भाग माहीत नाही.

दुपारच्या खेळाला अजून वेळ होता. दोन बाया थेटर झाडत होत्या. टाकीच्या तोंडाशी, जिथं सगळ्या नळ्या एका मोठ्या नळीला मिळतात, तिथला जोड उकलला. मी म्हटलं होतं अगदी तिथंच. झाडणाऱ्या बाया सांगतात, तू आधी थेटराच्या दारात येऊन ओरडलास, "भायेर पळा गं! तोंडाला पदर लावा!" हे तू केलंस. ते कुणी तुझ्याकडून घेऊ शकत नाही. त्या पळाल्या. यंत्र तू बंद केलंच होतंस. तिथून तू बाहेर येऊ शकला असतास. वायू सगळा बाहेर पडला असता, खोली दिवसभर वापरता आली नसती, आणि टाकीला, यंत्राला, माणसाला काही झालं नसतं. नुसते खेळ बुडाले असते.

तू ओला टॉवेल तोंडाला बांधून परत आत गेलास, अमोनिया साठवायच्या मोठ्या बाटल्याची चावी बंद करायला.

हौसावैनींनी सोड्याच्या कारखान्यात माणूस पिटाळला. मी धावत आलो तेव्हा बोळात माणसं डोळे चोळत उभी होती. पुढच्या दारातनं पांढरा लोट येत होता. आत जायची सोय नव्हती. मी आणि डोअरकीपर मौलाभाई मागच्या दाराकडं गेलो. वैनी तिथंच उभ्या होत्या, दारावर थापा मारत. "आतनं वाजत होतं," त्या म्हणाल्या, "आता वाजत न्हाई." आम्ही पहार घातली. दार उघडलं आणि तू बोळात आमच्या पायांवर पडलास. डोळे लाल, नखं फुटलेली. कुलपाची किल्ली तुझ्या सदऱ्याच्या खिशात होती आणि सदरा पलीकडच्या भिंतीला, खुंटीवर. त्या पांढऱ्या लोटात तू पुढच्या दाराकडं वळायच्या ऐवजी मागं वळलास, किंवा तुला कळलंच नाही कुठलं दार कुठलं.

लोट ओसरल्यावर मी आत जाऊन बघितलं. चावी तू पुरती बंद केली होतीस. कप्प्यांना धक्का नव्हता. वायू पाण्यात उतरलेला नव्हता. बर्फ होता तसा होता, नळ्यांवर जाडजूड, हिरवट पांढरा, आपण आजवर धरला त्यात सगळ्यात चांगला.

दवाखान्यात तुझी चिरफाड उन्हं कलायच्या आत उरकली. प्रेत ठेवायला थंड जागा त्यांच्याकडं नव्हती. घेऊन जा म्हणाले. तुला हातगाड्यावरनं परत पत्र्याच्या खोलीत आणलं, कारण दुसरी कुठली खोली तुझी होती? पत्रा अजून तापलेला. वडूजला निरोप गेला होता. तिकडून फोनवर उलटा निरोप आला, की थोरला भाऊ कळप घेऊन कर्नाटकाच्या अंगाला गेलाय, त्याला आणायला माणूस धाडलाय, तो आल्याशिवाय माती द्यायची नाही असं तुझा म्हातारा बाप म्हणतो. या उन्हात. एक दिवस तरी लागणार होता, कदाचित दीड.

तेवढ्यात मालक आले. दारात उभे राहिले. टोपी काढली. थोडा वेळ तुझ्याकडं बघितलं, डोळेही पुसले. माणूस दगड नव्हता, हे मी सांगायला पाहिजे. मग माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "बर्फ किती आहे?"

मी तोंड उघडायच्या आत वैनी बोलल्या. "हाय की, मालक. भरपूर हाय." त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी कामाचं विचारलं होतं. त्या उठून उभ्या राहिल्या. "थोरलं भावजी येईस्तवर पुरंल. एकदम सगळा नगं काढायला, लागंल तसा काढू."

मालकांनी माझ्याकडं बघितलं, मग जमिनीकडं.

"नाही, म्हणजे..." ते म्हणाले. "मी संध्याकाळच्या खेळाचं विचारत होतो."

खोलीत पोरगी होती, ती मातीत काही तरी वेचत होती, तिचाच आवाज.

मालक पुढं भराभर बोलायला लागले. दुपारचा खेळ बंद ठेवलाच आहे. संध्याकाळची तिकिटं कालच गेली आहेत. लोकांना परत पाठवलं तर दगडफेक होईल. बर्फाच्या कारखान्यातून लाद्या मागवतो, वाट्टेल तेवढ्या, माणूस आत्ता पाठवतो. बिरूच्यासाठी काही कमी पडू देणार नाही.

"न्हाई," वैनी म्हणाल्या. "इकतचा नगं. ह्येनी केल्याला हाय तो."

"अहो वहिनी, बर्फ तो बर्फ."

"मग तुमीच इकतचा आना की, मालक. खेळाला."

मी आयुष्यात पुष्कळ माणसांची बोलणी ऐकली. असं कुणाचं ऐकलं नाही. मालकांनाही ठाऊक होतं की लाद्यांनी थेटर गार होत नसतं. मग त्यांनी मला बाजूला घेतलं आणि तुझ्या मयतावर सौदा केला. म्हणाले, "दोन कप्पे आहेत ना? एका कप्प्यातला तुम्ही घ्या. एक राहू द्या. निम्म्यावर एक खेळ निघेल?"

मी मनात हिशेब केला. चार खेळांचा बर्फ, अर्धा म्हणजे दोन. "निघंल," मी म्हटलं.

आणि निघाला.

मी एका कप्प्यातलं पाणी सोडून दिलं, आत उतरलो आणि लाकडी हातोड्यानं नळ्यांवरचा बर्फ फोडायला लागलो. तो सालीसारखा निघतो हे तुला माहीत आहे, नळीच्या आकाराचा, मधनं पोकळ. मौलाभाई वर उभं राहून पोती भरत होते. पाय सुन्न, डोळ्यांत अजून वायूची जळजळ. मधल्या भिंतीपलीकडं पंप सुरू झाल्याचा आवाज आला. कुणी सुरू केला मला माहीत नाही. मग थेटराच्या भिंतीतून सिनेमा ऐकू यायला लागला. विनोदी होता. लोक हसत होते, सगळे एकदम, लाटेसारखे. मी हातोडा मारायचो, ते हसायचे. मी थांबलो तरी ते हसायचे. मौलाभाई म्हणाले, "आज गारवा झकास धरलाय."

तुझ्या दोन्ही बाजूंना, पायाला, डोक्याला पोती लावली. वैनींनी पोरीला उचललं आणि तुझ्याशेजारी बसल्या. खोली गार पडली. पत्रा तापलेला होता तरी पडली. त्या खोलीत गारवा आलेला मी तेव्हाच पहिल्यांदा बघितला.

मालकांनी तुझ्या मातीनंतर मला तुझी जागा देऊ केली. मी घेतली. तू चिडला असतास, चिड. आता बर्फ पातळ धरणार, खेळ तीनच, मागच्या दाराला नुसती कडी, आणि पहिल्या दिवसापासून वेगळा मीटर. वैनी खोली सोडणार नाहीत, हे मी आधी कबूल करून घेतलं. मी चांगुलपणानं केलं नाही. तुझी टाकी कुणा परक्यानं चालवलेली मला बघवली नसती, आणि तू चालवत होतास तशी चालवलेली तर मुळीच नाही.

त्या रात्रीनंतर उजाडतानाच तुला ट्रकमधून वडूजला नेलं. तूस भरलेल्या पोत्यांत बर्फ, मधे तू, कडेला वैनी आणि पोर. वाटेत ट्रकमधनं सारखं पाणी ठिबकत होतं. तुझ्या वाडीत पोचलो तेव्हा माणसं आधी त्या पाण्याकडंच बघायला लागली. त्या भागात उन्हाळ्यात रस्त्यावर पाणी सांडत नाही.

तुझा बाप घोंगडं अंथरून बाहेरच बसला होता. तू त्याच्याबद्दल कधी बोलला नाहीस. एकदाच म्हणालास, मी मेंढरं सोडून पलटणीत गेलो म्हणून म्हातारा माझं नाव घेत नाही. तुला पडवीत ठेवलं. तो उठून आला. आधी तोंड बघितलं नाही. पोत्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"ह्ये काय म्हनायचं?" मला विचारलं.

"बर्फ हाय, तात्या."

"कुटनं आनला?"

"बिरूनं केलाय. त्याच्या टाकीतला हाय."

त्यानं पोतं जरा बाजूला केलं, एक तुकडा उचलला, पोकळ, बोटाएवढ्या भोकाचा. उन्हाकडं धरून आरपार बघितलं. पाणी त्याच्या मनगटावरनं कोपरापर्यंत ओघळलं. माणसं जमली होती.

"बिरूनं," तो म्हणाला. कित्येक वर्षांनी घेतलं असेल नाव. "ह्येच करत व्हता व्हय तितं?"

"व्हय."

"ह्येच करताना ग्येला?"

"व्हय, तात्या."

"कशापायी करायचा ह्यो?"

बिरू, माझ्याकडं सांगण्यासारखं पुष्कळ होतं. रात्रीची वीज आणि दिवसाची, मोठं यंत्र आणि लहान यंत्र, पुण्याच्या इंजिनिअरांना जमलं नाही ते. सगळं तोंडाशी आलं. पण म्हातारा माझ्या डोळ्यांत बघत होता आणि त्याला समजेल असं, खरं, एकच उत्तर होतं.

"सांगलीत माणसं सिनेमा बघाया बसत्यात," मी म्हटलं. "त्यास्नी घाम येऊ नये म्हणून."

तो थांबला. आणखी काही असेल, मी पुढं बोलेन, असं वाटून थांबला असावा. त्यानं तुझ्याकडं बघितलं, मग हातातल्या तुकड्याकडं.

"एवढ्यापायी?" तो म्हणाला.

म्हाताऱ्यानं तो तुकडा परत पोत्यात ठेवला, पोत्याचं तोंड नीट दुमडलं, आणि तुझ्या उशाशी सरकवून तिथंच मांडी घालून बसला. दिवसभर उठला नाही. पाणी गळालं की पोतं वर ओढायचा, तूस सारखं करायचा. कुणी मदतीला गेलं की हातानं बाजूला सारायचा.

थोरला दुसऱ्या दिवशी दुपारी आला, रानातनं पळत, पायांत वहाणा नव्हत्या. तो तुझ्या पायाशी बसला तेव्हा पोत्यांत अजून बर्फ होता.